क्रीटची रंगीत तालीम

शुक्रवारी दुपारी ओमानमधल्या बरक्याच्या किनाऱ्यावर श्यामला आरोलकर सलग तीन तास झोपली आणि त्या तीन तासांत तिला कुणीही काहीही विचारलं नाही. सोळा वर्षांच्या संसारात असं पहिल्यांदाच घडलं.

पण हे अजून घडलेलं नाही. तिचा नवरा चंद्रहास मस्कतमधल्या गाल्यातल्या एका फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये सेफ्टी ऑफिसर आहे, आणि त्याच्या धंद्याचा पहिला नियम असा की फॉर्मवर सही होईपर्यंत कुठलीही घटना घडलेली नसते. मागे एकदा आवारात क्रेन आडवी झाली होती. ती तीन दिवस आडवी झालीच नाही, कारण सही करणारे साहेब इब्राला लग्नाला गेले होते. लोक तिला वळसा घालून चहाला जात होते. तेव्हा वरचं वाक्य तुम्ही वाचलेलं नाही, श्यामला टक्क जागी आहे आणि आज मंगळवार आहे.

मंगळवारी चंद्रहासने एप्रिलच्या सहलीचा आराखडा जेवणाच्या टेबलावर ठेवला. एकोणीस पानं, वर पारदर्शक कव्हर.

आरोलकरांची वार्षिक रजा आजवर गावी, वेंगुर्ल्याला जमा व्हायची. पहिले चार दिवस भेटीगाठी, पुढचे चार कौलं, त्यापुढे कुणाचं तरी लग्न, आणि उरलेल्या दिवसांत परतीच्या बॅगांवर बसून चेन लावणं. या वेळी मात्र श्यामला म्हणाली होती, "औंदा माका असो समुद्र होयो, जंय आमच्या वळखीचा कोण नसात." घरात एरवी मराठी, हिंदी, इंग्रजी सगळंच चालायचं, पण मनातलं बोलायचं झालं की ती मालवणीवर यायची. भाषांतरात वेळ जात नाही.

चंद्रहासने हे मागणं गंभीरपणे घेतलं. त्याने बेटं तपासायला घेतली. मालदीवला तिच्या डॉक्टरांची मेहुणी निघाली. श्रीलंकेला गेल्या वर्षी मस्कतच्या महाराष्ट्र मंडळाचे बेचाळीस जण एकाच रंगाच्या टोप्या घालून जाऊन आले होते. भूमध्य समुद्रातल्या क्रीटमध्ये मात्र तीन आठवडे शोधूनही कुणी सापडलं नाही. क्रीट पक्कं झालं. मग त्याने आराखड्यात तीन रकाने पाडले, संस्कृती, खाणं आणि समुद्र, आणि काही राहायला नको म्हणून चौथा, निवांतपणा.

श्यामलाने सातव्या पानावर बोट ठेवलं.

"दिवस तिसरा. सव्वादोन ते अडीच, निवांतपणा. जबाबदार व्यक्ती, श्यामला."

"तुझाच निवांतपणा ना तो," चंद्रहास म्हणाला. "सही तुझीच लागणार."

"आणि हे काय? दिवस पाचवा, सहा प्रकारचे ऑलिव्ह चाखून मत नोंदवणे."

"मत नसलं तर 'लागू नाही' लिहायचं. तशी सोय आहे."

श्यामलाने कव्हर मिटलं. ती एका दंतवैद्याच्या क्लिनिकमध्ये रिसेप्शनला बसते. तिथे दिवसभर लोक गालावर हात ठेवून तिला प्रश्न विचारतात. घरी आल्यावर गालावर हात न ठेवता विचारतात, एवढाच फरक. चार्जर कुठाय, मीठ घालू का, निळा शर्ट धुतला का, आज काय वार. कुतूहल म्हणून चंद्रहासने एकदा मोजदाद केली होती. सकाळी सहा ते साडेसात, एकोणतीस प्रश्न. त्यातले बावीस त्याचे होते आणि तेविसावा होता, "तू चिडलीस का?"

"मी नाही येत," श्यामला म्हणाली. "तुम्ही दोघं जावा. ऑलिव्हचे फोटो पाठवा."

"अगो पण तुझ्यासाठीच तर..."

"माका बेट नको, माका एक तास होयो. एक तास माका कोणी काय इचारूक नाय, तर मी क्रीटाक येतंय. नाय जमला, तर मी हयसरच घरात बसान ऱ्हवतंय, दाराक कडी लावन."

चौदा वर्षांची वल्लरी मोबाइलमधून डोकं वर काढून म्हणाली, "बाबांना नाही होणार. म्हणजे, ते विचारतातच. इट्स लाइक श्वास."

चंद्रहासला हे लागलं. माणूस वाईट नव्हता. विचारून केलेलं काम सुरक्षित असतं, यावर त्याचा विश्वास होता आणि पोटही त्यावरच चालत होतं. तो रात्रभर विचार करत बसला असता, पण साडेदहाला झोपला आणि सकाळी तोडगा घेऊन उठला. वर्कशॉपमध्ये आगीची मॉक ड्रिल वर्षातून दोनदा होते. घंटा वाजते, सगळे मैदानात जमून चहा पितात आणि आग न लागता आग विझते. सहलीचंही तसंच करायचं. धोक्याच्या कामाआधी भरतात त्या परमिटचा कोरा फॉर्म त्याने घेतला आणि भरला. काम: श्यामलास एक तास काही न विचारणे. ठिकाण: बरका (क्रीट समजावे). मुदत: शुक्रवार, सायंकाळी पाचपर्यंत.

शुक्रवारी सकाळी मस्कतहून निघण्याआधी गाडीपाशी त्याने सूचना दिल्या. वर्कशॉपमध्ये रोज देतो तशाच, फक्त हेल्मेट नव्हतं.

"आजपासून म्हणजे आत्तापासून आपण क्रीटमध्ये आहोत. इथे आपल्या ओळखीचं कुणी नाही. आईला प्रश्न विचारायचा नाही. विचारला की घड्याळ परत शून्यावर. घड्याळ वल्लरीकडे."

"ओके," वल्लरी म्हणाली आणि मोबाइलवर स्टॉपवॉच सुरू केलं.

"सगळ्यांना समजलं? श्यामला, समजलं का?"

"झिरो," वल्लरी म्हणाली.

बरक्याला पोचेपर्यंत आणखी पाच वेळा शून्य झालं. एकदा एसी, एकदा खिडकी, एकदा "पाणी घेतलंस ना", एकदा "घेतलंस म्हणजे किती बाटल्या". पाचवा प्रश्न तर असा होता, "आता मी काही विचारत नाहीये, हे तुझ्या लक्षात आलं का?"

श्यामला खिडकीबाहेरच्या खजुरांकडे बघत होती. खजूर काही विचारत नव्हते.

संस्कृतीच्या रकान्यात किल्ला होता. तो बंद होता. चंद्रहास दारासमोर उभा राहिला, त्याने आराखडा उलटा केला, सुलटा केला, आणि सवयीने मागे वळून म्हणाला, "आता काय करूया गो?"

"झिरो."

त्यापुढे खाण्याचा रकाना होता, म्हणून ते मासळीबाजारात गेले. तिथे मात्र गंमत झाली. सुरमया ओळीने मांडलेल्या, बर्फावर कोलंबी, बाजूला कुणीतरी बरक्याचा गोड हलवा आणि कावा, म्हणजे अरबी कॉफी, घेऊन उभं. श्यामलाने न विचारता एका सुरमईच्या कल्ल्यात बोट घालून बघितलं, कोळ्याकडे पाहून मान हलवली आणि पुढे गेली. कोळ्याने कपाळावर हात मारला. वेंगुर्ल्याची परीक्षा तो नापास झाला होता. पुढच्याने स्वतःच दुसरी, ताजी सुरमई पुढे केली. श्यामला हसली. सकाळपासून पहिल्यांदाच.

हा दुसरा कोळी म्हणजे यूनुस. पन्नाशीचा ओमानी, डोक्यावर पांढरा फडका, आणि मुंबईच्या बोटींवर काम केल्यामुळे हिंदी फर्डी. चंद्रहासने त्याला बाजूला घेऊन सगळं समजावून सांगितलं. बायको, क्रीट, एक तास, घड्याळ. यूनुसने शांतपणे ऐकून घेतलं.

"सदीक, दोस्त, तुम्हारा मिसेस बीमार है?"

"नहीं अर्बाब," चंद्रहास इथल्या रिवाजाने त्याला मालक करून म्हणाला. "सिर्फ सवाल नहीं पूछने का."

"बस, इतना?" यूनुस म्हणाला. "माफी मुश्किल, कुछ मुश्किल नहीं. मैं तो शादी के बाद से नहीं पूछा. मेरे को तो डर लगता है."

किनाऱ्यावर त्याची झावळ्यांची शेड होती. शेडपुढे वाळूत एक दोरीची खाट, समोर सपाट निळा समुद्र, जानेवारीचं ऊन दुलईसारखं. क्रीटला याहून वेगळं काय असणार, हे चंद्रहासला विचारायचं होतं. त्याने विचारलं नाही. घड्याळ एकोणीस मिनिटांवर होतं.

मासा निखाऱ्यावर चढला. यूनुसने श्यामलाकडे बघून तोंड उघडलं, मग आठवण होऊन चंद्रहासकडे वळला. "मिर्ची डालेगा?"

चंद्रहास सवयीने श्यामलाकडे वळला आणि अर्ध्यातच मागे फिरला.

सोळा वर्षं तो या बाईबरोबर मासे खात होता. तिला तिखट किती लागतं, लिंबू आधी की नंतर, डोकं आवडतं की मधला तुकडा, यातलं त्याला काहीच माहीत नव्हतं. माहीत करून घ्यायची वेळच आली नव्हती. दर वेळी तो विचारायचा, ती सांगायची, आणि उत्तर वापरून झालं की तो विसरून जायचा. गाल्यातल्या चाळीस वेल्डरांचे रक्तगट त्याला पाठ होते.

तो दहा पावलं लांब गेला आणि त्याने विचार केला. घरी सगळ्यांना वाढून झाल्यावर तिच्या ताटात काय असतं? डोकं असतं. म्हणजे आवडत असेल. पण ती शेवटी वाढून घेते, म्हणजे उरत असेल. हा मुद्दा त्याला इतका अवघड गेला की त्याने खिशातून पेन काढलं.

"अर्बाब, बीच का पीस. मिर्ची जास्ती. लिंबू अलग से."

श्यामलासमोर मधला तुकडा आला. तिने तुकड्याकडे पाहिलं, चंद्रहासकडे पाहिलं, आणि खायला लागली. चंद्रहास तिच्या चेहऱ्यावर निकाल शोधत होता. "बरा आहे का" हे शब्द जिभेवर आले होते, ते त्याने पावाच्या तुकड्याबरोबर गिळले. मग ती स्वतःच म्हणाली, "बारा वर्सांनी मधलो तुकडो गावलो." आणि अर्धं लिंबू पिळलं.

हा प्रश्न नव्हता. घड्याळ चालूच राहिलं. दोन वाजून वीस मिनिटांनी श्यामला खाटेवर आडवी झाली, ओढणी डोळ्यांवर घेतली आणि झोपून गेली.

"अठ्ठावन्न मिनिटं," वल्लरी कुजबुजली. आणि थोड्याच वेळात, "सिक्स्टी. बाबा, झालं. वुई आर गोइंग टु क्रीट."

चंद्रहास जिंकला होता. तिला उठवून सांगावं, असं त्याला फार वाटलं. पण सांगणार काय? "ऐकलंस का?" म्हणूनच सुरुवात झाली असती. तो उठला, गाडीच्या डिकीतून लाल-पांढरी पट्टी आणि तीन शंकू घेऊन आला आणि खाटेभोवती सुरक्षित अंतर ठेवून कुंपण घातलं. एका शंकूवर त्याने वर्कशॉपची पाटी टेकवली: काम चालू आहे, अनधिकृत व्यक्तींना प्रवेश नाही. ती मराठीत नव्हती, अरबी आणि इंग्रजीत होती, त्यामुळे किनाऱ्यावर फिरायला आलेल्या लोकांनी तिचा आदर केला. पाचसहा कुटुंबं लांब थांबून बघत राहिली. कसलं काम चालू आहे हे कळत नव्हतं, पण चोख चालू होतं.

पावणेतीनला संकट आलं. ते पांढऱ्या गाडीतून आलं आणि त्याच्या हातात पिशवी होती.

महाराष्ट्र मंडळाच्या भोजन समितीच्या प्रमुख वसुंधरावहिनी, मागे त्यांचे यजमान अंबरीश. पुण्याचे. वल्लरीने वर्गातल्या मैत्रिणीला सांगितलं होतं, मैत्रिणीने आईला, आणि मंडळात एवढं पुरतं.

"अय्या, इथे आहात होय. श्यामला..."

चंद्रहास पट्टीच्या आत हात आडवे करून उभा राहिला. "वहिनी, थांबा. आम्ही क्रीटमध्ये आहोत."

वसुंधरावहिनींनी समुद्राकडे बघितलं, यूनुसकडे बघितलं. "हो, तेच ऐकलं म्हणून तर आले. माझा भाचा रुचिर सायप्रसला असतो. एवढं कोकम आणि गोडा मसाला नेता का? दोनच किलो आहे."

"सायप्रस वेगळं बेट आहे."

"बेटंच ना दोन्ही? जाता जाता द्यायचं."

क्रीट दहा मिनिटांत ओळखीचं झालं होतं. पण भांडायला आवाज लागला असता, म्हणून चंद्रहासने पिशवी घेतली.

"आणि हळदीकुंकवाच्या तिळाच्या वड्यांचं श्यामलाला विचारायचं होतं. एकच मिनिट."

"मला विचारा."

"तुम्हाला?"

"आज या कामाची जबाबदार व्यक्ती मी आहे."

वहिनींनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "गूळ कुठला? साधा की चिक्कीचा?"

चंद्रहासने क्षणभरही न थांबता सांगितलं, "चिक्कीचा." गाल्यात अशाच आवाजात तो लोकांना उंचावरून खाली उतरवत असे. चुकलं असतं तर पुढच्या शनिवारी मंडळातल्या निम्म्या दाढा धोक्यात येणार होत्या, पण ते सगळे पेशंट शेवटी श्यामलाच्याच क्लिनिकला आले असते. वहिनींचं समाधान झालं. त्या यूनुसच्या कोळशापाशी बसल्या आणि त्याला आमसुलाचे फायदे सांगू लागल्या, हळू आवाजात. पट्टीचा परिणाम त्यांच्यावरही झाला होता.

चारच्या सुमाराला अंबरीश शांतपणे म्हणाले, "आरोलकर, तुमचा तो शंकू पोहतोय."

भरती. आराखड्यात भरती नव्हती. पाणी पट्टीच्या आत आलं होतं आणि खाटेच्या पुढच्या दोन पायांभोवती फेस फिरत होता. अजून वीतभर, की श्यामलाची लोंबती ओढणी भिजणार.

"उठवायचं?" वल्लरीने विचारलं.

चंद्रहासने खाटेकडे पाहिलं. श्यामलाचं तोंड किंचित उघडं होतं. लग्नाच्या आधी एकदा, एसटीत, त्याने तिला अशी झोपलेली पाहिली होती. त्यानंतर ती नेहमी त्याच्या आधी उठलेली आणि नंतर झोपलेली.

"उठवायचं नाही," तो म्हणाला. "उचलायचं."

मग किनाऱ्यावर कुजबुजत सूचनांची दुसरी फेरी झाली. उचलायचा भार: एक खाट, एक माणूस. वजन: विचारता येत नाही, अंदाजे. अंतर: पंधरा पावलं, शेडच्या मागे, खजुरांपर्यंत. चार पाय, चार माणसं, यूनुस, अंबरीश, वसुंधरावहिनी आणि तो स्वतः. मूठ वर म्हणजे उचला, पंजा म्हणजे थांबा. वहिनींनी पदर खोचला, खाटेला हात घातला आणि सरळ उभ्या राहिल्या.

"चौघांनी नाही उचलायचं. निजलेल्या माणसाला चौघांनी उचलतात का? पाचवा हात लावा कुणीतरी."

"सुरक्षेच्या दृष्टीने चार पुरेसे आहेत, वहिनी."

"त्या दृष्टीने नाही सांगत मी."

यूनुसला हे समजावलं तेव्हा त्याला ते एकदम पटलं. उचलणारे फक्त चारच नसावेत, यात ओमान आणि पुणे यांचं एकमत झालं. वल्लरीने एका हातात घड्याळ धरून दुसऱ्या हाताचं एक बोट खाटेला लावलं. वहिनींनी मान डोलावली. चंद्रहासने मूठ वर केली.

"यल्ला, चलो," यूनुस ओठांतल्या ओठांत म्हणाला.

खाट उठली. पाच जण गुडघे वाकवून, श्वास धरून वाळूतून चालू लागले, आणि लांब थांबलेली कुटुंबंही श्वास धरून बघू लागली. सात पावलं झाली. आठव्या पावलाला अंबरीशांची चप्पल रुतली, खाट झुकली, ओढणी घसरली आणि श्यामलाने डोळे उघडले.

जमिनीपासून तीन फूट उंचीवरून तिने बघितलं. उशाला चंद्रहास, घामाने भिजलेला. पायाशी भोजन समिती. डावीकडे ओमान. मुलीचं एक बोट. वर आकाश, एक बगळा.

कुणीही हललं नाही. "बरी आहेस ना?" हे चंद्रहासच्या घशातून निघालं, टाळ्याला लागलं, दातांपर्यंत आलं. त्याने दात मिटले. पुढे "घाबरलीस का?" उभं होतं, त्यामागे "उठतेस का?", त्यामागे सोळा वर्षांची रांग. त्याने सगळ्यांना पंजा दाखवला. थांबा.

श्यामलाने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग एका अंगावर वळली, हाताची उशी केली आणि पुन्हा झोपली. ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी राहिलं होतं. ते हसू होतं का, हे विचारायची सोय नव्हती.

खाट खजुरांखाली टेकली. यूनुसने कुणालाही न विचारता सगळ्यांना कावा ओतला. अंबरीश म्हणाले, "पुण्यात आम्ही आरामाचे वर्ग काढले असते, पण हे असं सुचलं नसतं." वल्लरी वडिलांच्या खांद्याला टेकून बसली. "बाबा, यू वेअर... म्हणजे, तुम्ही छान गप्प होता."

चंद्रहासने आराखडा मांडीवर घेतला आणि पेन काढलं. ऑलिव्ह खोडले. किल्ले खोडले. सव्वादोन ते अडीच खोडलं. एकोणीस पानं खोडून झाल्यावर उलट्या बाजूला त्याने नवा आराखडा लिहिला. क्रीट, आठ दिवस. मासा: मधला तुकडा, मिरची जास्त, लिंबू वेगळं. बाकी श्यामला उठेल तेव्हा. मग थोडा विचार करून खाली जोडलं: दोन किलो कोकम, सायप्रस, जमल्यास.

साडेपाच होत आले होते. परमिटची मुदत पाचलाच संपली होती, म्हणजे गेला अर्धा तास हे काम विनापरवाना चालू होतं. सूर्य मागे खजुरांच्या शेंड्यांना लागला होता. अंधार पडला की गार वारा सुटणार, वारा सुटला की ती उठणार, आणि उठली की पहिल्यांदा तिला कुणीतरी काहीतरी विचारणार. चंद्रहासने फायलीतून आणखी एक कोरा फॉर्म काढला आणि खाटेच्या पायाशी बसून, कागदाचा आवाज होऊ न देता, भरला.

*मुदतवाढीचा अर्ज*

*प्रति: प्रभारी अधिकारी, सूर्यास्त विभाग*
*प्रत माहितीसाठी: भरती-ओहोटी कक्ष, वारा (उत्तर)*

*विषय: चालू कामास दोन तासांची मुदतवाढ मिळणेबाबत*

*महोदय,*

*उपरोक्त ठिकाणी श्यामला चंद्रहास आरोलकर यांच्या झोपेचे काम दुपारी दोन वाजून वीस मिनिटांपासून विनाअपघात चालू आहे. सदर काम सोळा वर्षांपासून प्रलंबित होते. काम अर्धवट थांबवणे सुरक्षेच्या दृष्टीने योग्य होणार नाही. सबब आजचा सूर्यास्त, विशेष बाब म्हणून, सायंकाळी साडेसात वाजेपर्यंत पुढे ढकलण्यास लेखी मंजुरी द्यावी, ही नम्र विनंती. काही शंका असल्यास अर्जदारास विचारावे. त्यांना विचारू नये.*